मॅगझिन वाकडे का?

खडूंचा नवा खोका उघडा. खडू एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला किंचित बारीक असतो. वीसपंचवीस खडू, जाड टोके एकाच बाजूला ठेवून, टेबलावर एकमेकांना चिकटवून मांडा. रांग सरळ राहत नाही. ती हळूहळू वळते आणि कमान तयार होते.

आता ब्रेन या स्वयंचलित बंदुकीचे चित्र पहा. तिच्या डोक्यावर पुढे झुकलेली वाकडी पेटी दिसते ना? तेच मॅगझिन. त्यात 30 काडतुसे मावतात आणि स्प्रिंग त्यांना खाली ढकलते.

गंमत अशी, की ही बंदूक ज्या चेकोस्लोव्हाकियन बंदुकीवरून घेतली तिचे मॅगझिन सरळ होते! ब्रेन या नावातले पहिले दोन वर्ण ब्रनो शहराचे, उरलेले इंग्लंडमधील एन्फील्डचे. तेथे 1937 मध्ये उत्पादन सुरू झाले. पण ब्रिटिशांचे .303 काडतूस जुन्या घडणीचे होते. त्याच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. कडेचा व्यास सुमारे 13.7 मि.मी., कडेलगतच्या अंगाचा 11.6, आणि 45 मि.मी. पुढे खांद्याशी फक्त 10.2.

थोडे गणित करू. एकाची कड शेजारच्याच्या अंगावर टेकते, म्हणून मागे दोन अक्षांतील अंतर 13.7 आणि 11.6 यांची सरासरी, म्हणजे 12.65 मि.मी. पुढे ते 10.2. फरक 2.45 मि.मी. त्याला 45 ने भागा. उत्तर 0.054 रेडियन, म्हणजे सुमारे 3 अंश. अशी दहा काडतुसे एकावर एक रचली तर रांग जवळजवळ 30 अंश वळेल. सरळ पेटीत ती नीट बसणार कशी?

कडेचा दुसरा त्रास अधिक वाईट. बोल्ट सर्वांत खालचे काडतूस पुढे ढकलतो. त्याची कड वरच्याच्या कडेमागे असेल तर ती अडकते आणि बंदूक बंद पडते. मिनिटाला सुमारे 500 गोळ्या, म्हणजे एका फेरीला 0.12 सेकंद. एवढ्यात अडलेली कड आपोआप सुटत नाही, आणि समोर शत्रू असताना ती हाताने सोडवायची म्हणजे प्राणाशी गाठ! म्हणून भरतानाच प्रत्येक नव्या काडतुसाची कड आधीच्याच्या पुढे ठेवावी लागे. पेटी 30 ची असली तरी 28 च भरण्याची पद्धत होती. स्प्रिंग जितकी अधिक दाबावी तितका तिचा जोर वाढतो, आणि काडतुसे एकमेकांवर घट्ट रुतून बसतात.

मग काडतूसच का बदलले नाही? कारण त्याच काडतुसाच्या लाखो रायफली सैन्याजवळ होत्या, भारतीय सैन्याजवळही. मला विचाराल तर पेटी वाकवणे हेच शहाणपणाचे होते.

पुढे ब्रेन 7.62 मि.मी.च्या नाटो काडतुसासाठी बदलली गेली. त्याची कड बाहेर येत नाही, आणि मॅगझिन जवळजवळ सरळ झाले. मात्र एके-47 च्या काडतुसालाही बाहेर आलेली कड नाही, तरी तिचे मॅगझिन चांगलेच वाकडे आहे. तेथे कारण फक्त अंगाचा निमुळतेपणा, अगदी तुमच्या खडूसारखा.