अर्थिंग आहे, मग झिणझिण्या का?

वडखळ नाक्याजवळ राहणाऱ्या एका वाचकांनी विचारलं आहे: बागेच्या कडेने लोखंडी खांबांवर दिवे लावले, अर्थिंगचा पाइप ठोकून घेतला, बोर्डात एमसीबी बसवला. तरी पावसाळ्यात खांबाला हात लागला की झिणझिण्या येतात आणि एमसीबी काही पडत नाही. वायरमन म्हणतो, ओल आहे, चालायचंच.

मुळीच चालायचं नाही. आधी त्या दिव्यांची लाइन बंद करा, मग पुढे वाचा.

झिणझिण्या येतात म्हणजे गळती अजून थोडी आहे. उद्या वायरचं तांबं खांबाला सरळ टेकलं तर काय होईल? अडीच मीटर लांबीचा, ३८ मिलिमीटर व्यासाचा पाइप साध्या ओलसर मातीत, म्हणजे १०० ओहम-मीटर रोधकतेच्या जमिनीत उभा ठोकला, तर त्याचा रोध साधारण ३५ ओहम भरतो. २३० व्होल्टला ३५ ने भागा: साडेसहा अँपिअर. दहा अँपिअरच्या एमसीबीला साडेसहा अँपिअर म्हणजे रोजचं काम. तो पडणार नाही, तासाभराने नाही आणि आठवड्याने नाही. त्याची नेमणूक वायर तापून जळू नये म्हणून आहे, माणसासाठी नाही. खांब मात्र तोवर जवळजवळ पूर्ण दाबाने जिवंत राहील. ओल्या हातापायांच्या माणसाचा रोध हजार ओहमच्या आसपास धरला, तर त्याच्यातून २०० मिलिअँपिअरहून अधिक प्रवाह जाऊ शकतो. हृदयाची लय बिघडायला याच्या निम्म्याहून कमी पुरतो.

वडखळची जमीन या हिशेबात फार मजेशीर आहे. धरमतर खाडीच्या बाजूला बांध घालून राखलेली खारजमीन आहे. मिठाने भिजलेल्या मातीची रोधकता काही ओहम-मीटरपर्यंत खाली येते. तोच पाइप तिथे दोन ओहमच्या घरात जातो, शंभराहून अधिक अँपिअर वाहतात आणि एमसीबी तत्क्षणी पडतो. पेणच्या पूर्वेला डोंगरउताराच्या मुरमात आणि कातळात मात्र तोच पाइप शेकडो ओहम दाखवेल. म्हणजे एकाच तालुक्यात, एकाच वायरमनने, एकाच मापाच्या पाइपने केलेलं अर्थिंग एका घरी उत्तम आणि दुसऱ्या घरी नावापुरतं. शिवाय खारातला चांगला पाइपही टिकत नाही. मीठ त्याचा जस्ताचा मुलामा खातं, मग लोखंड खातं, आणि वरून सिमेंटची कुंडी मात्र शाबूत दिसत राहते.

या कोड्याचं उत्तर ज्या माणसाने दिलं त्याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही, याची मला खरोखर हळहळ वाटते. हेन्री रुबिन, दक्षिण आफ्रिकेतला अभियंता. तिथल्या सोन्याच्या खाणींमध्ये विजेचे अपघात ही मोठी चिंता होती. त्या काळातली गळती पकडणारी यंत्रं साधारण दहा अँपिअर निसटले की जागी होत. तोवर माणूस हाती लागत नसे. रुबिनने १९५५ मध्ये २५० मिलिअँपिअरवर तोडणारं उपकरण बनवलं. खाणींत ते चाललं, पण तेवढ्यावर तो थांबला नाही. १९५६ च्या सुरुवातीला त्याचा नवा नमुना १२.५ ते १७.५ मिलिअँपिअरवर तुटत होता. अमेरिकेत बर्कलीच्या चार्ल्स डालझील यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन, प्रवाह वाढवत, तो किती झाला की मूठ उघडत नाही हे मोजलं होतं. पुरुषांत सरासरी १६ मिलिअँपिअर निघाली. अमेरिकी पुस्तकांत या उपकरणाचं श्रेय डालझील यांच्या १९६१ च्या कामाला मिळतं. माणसाच्या सहनशक्तीचे आकडे त्यांचे, ते मोलाचेच आहेत. पण इतक्या बारीक गळतीला तुटणारं यंत्र रुबिनने आधीच चालवून दाखवलं होतं.

आज बाजारात ते आरसीसीबी म्हणून मिळतं. आत लोखंडी कड्यातून फेज आणि न्यूट्रल दोन्ही जातात. गेलेला प्रवाह आणि परतलेला प्रवाह सारखा असेल तर दोघांची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना पुसून टाकतात. फरक पडला की कड्यावरच्या तिसऱ्या वेटोळ्यात वीज उपजते आणि खटका पडतो. सकाळी रानात सोडलेल्या शेळ्या संध्याकाळी वाड्याच्या दारात मोजून घेणाऱ्या धनगरासारखा हा हिशेब आहे: शेळी कुठे हरवली हे कळायची गरज नाही, एक कमी आहे एवढं कळलं की पुरे. घरासाठी ३० मिलिअँपिअरचा घ्यायचा. आता वरचं गणित पुन्हा पाहा. ३५ ओहमच्या ज्या पाइपाने एमसीबीला हलवलं नाही, तोच पाइप ३० मिलिअँपिअरच्या दोनशेपट गळती वाहून नेतो. आरसीसीबी हात लागायच्या आधीच पडतो. अर्थिंग नसेल तर मात्र तो कोणाचा तरी हात लागेपर्यंत वाट पाहतो. म्हणून दोन्ही हवेत.

आणि इथेच आपला घात होतो. मृगाच्या पहिल्या सरींत आरसीसीबी वारंवार पडू लागला की 'त्रास देतो' म्हणून तो काढून वायर सरळ जोडली जाते. तो त्रास देत नसतो, बागेत कुठेतरी पाणी शिरलं आहे असं सांगत असतो. पाणी शिरतं कसं तेही पाहण्यासारखं आहे. दिवा तापतो, आतली हवा फुगून थोडी बाहेर जाते. सर आली की काच गार होते, आतला दाब उतरतो आणि वायसराच्या फटीतून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. काळी टेप गुंडाळलेल्या जोडातून ते तांब्याच्या बारीक तारांमधून केशाकर्षणाने हातभर आत चढतं. खाऱ्या हवेत तिथे हिरवी बुरशी धरल्यासारखं तांबं दिसतं. खोक्यावरच्या 'वॉटरप्रूफ' शब्दावर जाऊ नका. आयपी ६५ म्हणजे पाण्याचा फवारा झेलेल एवढंच. खारपट्ट्यात लॉनवर घोटाभर पाणी साचतं, तिथे जमिनीलगतचा दिवा किमान आयपी ६७ हवा. बागेची लाइन वेगळ्या आरसीसीबीवर घेतली की ती पडल्याने घर अंधारात जात नाही, आणि मग तो काढून टाकायचा मोहही होत नाही.

केबल पुरायची असेल तर आर्मर्ड, पाऊण मीटर खोल, खाली-वर वाळू आणि वर विटांचा थर. नारळाचा खड्डा खणणाऱ्याची पहार आधी विटेला लागावी.

पण माझं मत विचाराल तर एलईडीच्या जमान्यात बागेत २३० व्होल्ट न्यायचेच कशाला? घरात चांगल्या प्रतीचा, इनपुट-आउटपुट पूर्ण वेगळे ठेवणारा २४ व्होल्टचा ड्रायव्हर बसवा. फक्त वायरीत कंजुषी नको. ६० वॉटचे दिवे वीस मीटरवर, वायर दीड चौरस मिलिमीटर: १२ व्होल्टवर पाच अँपिअर वाहतात आणि जाऊन-येऊन जवळजवळ अडीच व्होल्ट वाटेतच जातात, शेवटचा दिवा मंद होतो. २४ व्होल्टवर प्रवाह निम्मा, घट सव्वा व्होल्ट, म्हणजे जेमतेम पाच टक्के. विहिरीचा पंप मात्र २३० वरच राहील. त्याच्या लाइनीला आरसीसीबी लावून त्यावरचं टी लिहिलेलं बटण महिन्यातून एकदा दाबून पाहा. खटका पडला नाही तर दुरुस्त होईपर्यंत पंप चालवू नका.