एका अपेंडिक्सचे नऊ ब्लॉक

सकाळी ७.२५

पुण्यात टिळक रस्त्यावरून आत वळलं की झेरॉक्सच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर ही लॅब आहे. रक्त-लघवी तपासायची नव्हे. ऑपरेशनमध्ये पोटातून, मानेतून, छातीतून जे काढतात ते इथे येतं. पित्ताशय, गर्भाशय, थायरॉइडच्या गाठी. अपेंडिक्स तर जवळजवळ रोज.

ताई कात्रजहून बसने येतात, स्वारगेटला उतरून पुढे चालत. लॅबमध्ये सगळे त्यांना ताईच म्हणतात, म्हणून मीही. डीएमएलटी झालेल्या, १९ वर्षं याच कामात. पगार २६ हजार, हातात २४. चप्पल बाहेर, ॲप्रन अंगावर, आणि पहिलं काम नळ सोडून बघणं. आज गुरुवार, पाणी बंद असण्याचा दिवस. नळ नुसता फुसफुसतो. काल निघताना दोन पिंपं भरून ठेवली होती, त्यांवरची झाकणं काढून ताई बघतात. भागेल.

७.४०

टिश्यू प्रोसेसर रात्रभर चाललेला आहे. गोल यंत्र, भोवती बारा भांडी. तुकड्यांची टोपली ठरल्या वेळी एका भांड्यातून वर येते आणि पुढच्यात बुडते. आधी फॉर्मलिन, मग चढत्या तीव्रतेचं अल्कोहोल, मग झायलीन, शेवटी साठ अंशांचं पातळ मेण. तुकड्यातलं पाणी हळूहळू जातं, त्या जागी मेण भरतं. रात्री वीज गेली आणि टोपली दोन भांड्यांच्या मध्येच लटकली तर तुकडे वाळतात. मग काही करता येत नाही; पेशंटकडून दुसरं पित्ताशय मागवता येत नाही. इन्व्हर्टर आहे, पण ताईंचा त्याच्यावर भरवसा नाही. वॉचमनकाकांना सांगून ठेवलंय, लाइट गेले की कितीही वाजलेले असोत, फोन करा.

आज ६२ कॅसेट. प्लास्टिकच्या जाळीदार डब्या त्या, प्रत्येकीवर शिसपेन्सिलीने नंबर. पेनाची शाई झायलीनमध्ये धुऊन जाते, पेन्सिल टिकते. ६२ पैकी नऊ एकाच अपेंडिक्सच्या, २७-ए पासून २७-आय पर्यंत. एरवी एका अपेंडिक्सच्या दोन, फार तर तीन.

८.१०

ब्लॉक बनवायचे. स्टीलच्या साच्यात गरम मेण, त्यात चिमट्याने तुकडा, वर कॅसेट, मग थंड प्लेटवर. हे काम दिसायला सोपं. खरी मेख तुकडा कसा ठेवायचा यात आहे. अपेंडिक्स म्हणजे एका टोकाला बंद असलेली नळी. तिचा आडवा काप साच्यात आडवा पडला पाहिजे, म्हणजे आतल्या अस्तरापासून बाहेरच्या आवरणापर्यंत सगळे थर स्लाइडवर दिसतात. तिरका पडला तर थर एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतात, आणि गाठ भिंतीतून बाहेर आली की आतच आहे हे सांगणं अवघड होतं. ताई प्रत्येक तुकडा चिमट्याने किंचित दाबून धरतात, मेण गोठायला लागलं की सोडतात. बोटांच्या पेरांची कातडी सोललेली आहे. झायलीन आणि मेण, दोन्हींची कृपा. पर्समध्ये व्हॅसलीनची डबी असते.

९.३०

चहा. खालून येतो, १२ रुपये कप. लॅबमध्ये प्यायचा नाही, जिन्यात प्यायचा.

मी २७ नंबरचं विचारतो. तालुक्याच्या गावातल्या एका हॉस्पिटलातून मंगळवारी संध्याकाळी आलं. ५४ वर्षांच्या बाई. फॉर्मवर लिहिलंय ते नेहमीचंच, पोटात उजवीकडे दुखत होतं, अपेंडिक्सला सूज. पण बाटलीतला ऐवज नेहमीचा नव्हता. अपेंडिक्स एरवी करंगळीहून बारीक. याचं टोक फुगून तीन सेंटिमीटर जाड झालेलं. काल मॅडमनी, म्हणजे लॅबच्या पॅथॉलॉजिस्टनी, कापलं तेव्हा आतून चिकट, पारदर्शक बुळबुळीत द्रव ओघळला, भिजवलेल्या सब्जाभोवती धरतो तसा. मॅडमनी सुरी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "ताई, हे सगळंच घालायचं." म्हणजे दोन-तीन तुकडे घेऊन बाकीचं बाटलीत परत ठेवायचं नाही, बुंध्यापासून टोकापर्यंत सबंध अपेंडिक्सचे तुकडे करायचे. बुंध्याच्या कडेला काळी शाई लावली. शाईपर्यंत रोग पोचलाय का, हे नंतर स्लाइडवर बघायचं.

९.५०

मायक्रोटोम. सगळ्यात कसबाचं काम हेच. ब्लॉक बर्फावर गार करायचा, यंत्रात अडकवायचा, उजव्या हाताने चाक फिरवायचं. चार मायक्रॉन जाडीचा काप सुटतो, मिलिमीटरचा अडीचशेवा भाग. एकाला एक चिकटून काप लांबत जातात, त्याला रिबन म्हणतात. रिबन ब्रशने उचलायची, कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुती निघाली की खालून काचेवर झेलायची. बोलायचं नाही. पंखा बंद. एप्रिलातसुद्धा बंद.

२७-डी कापताना करकर आवाज आला. रिबनवर उभी रेघ. ताई चाक थांबवतात. "कॅल्शियम." अशा फुगलेल्या अपेंडिक्सच्या भिंतीत कधी कधी चुना साचतो. तो पात्याची धार घालवतो आणि काप फाडतो. एक पातं साधारण शंभर रुपयांना पडतं; एरवी एका पात्यावर बरेच ब्लॉक निघतात, याने एकट्याने एक खाल्लं. ताई ब्लॉकचा पृष्ठभाग सौम्य ॲसिडवर पालथा ठेवतात, तोवर दुसरे ब्लॉक उरकतात. मग धुऊन, गार करून, नवीन पातं. या वेळी अखंड निघतो. चेहऱ्यावर काही दिसत नाही, पण ताई ती काच उजेडाकडे धरून दोनदा बघतात.

११.३०

रंग. मेण काढलं की तुकडा काचेवर जवळपास दिसतच नाही, म्हणून रंगवायचा. हिमॅटॉक्सिलीन हे मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून निघतं. जगभर पेशींची केंद्रकं अजून त्यानेच निळी करतात. मग नळाच्या पाण्याखाली धुवायचं, तेव्हा निळा रंग खुलतो. आज नळ नाही, म्हणून मग्ग्याने पिंपातलं पाणी. मग गुलाबी इओसिन, पुन्हा अल्कोहोल, पुन्हा झायलीन, चिकटवायला डीपीएक्सचा थेंब, वर पातळ काच. ६२ स्लाइड ट्रेमध्ये ओळीने. खोलीत झायलीनचा वास. एक्झॉस्ट चालू आहे, तरी माझं कपाळ जड होतं. ताईंना वास येत नाही. "आता नाही येत," एवढंच म्हणतात.

दुपारी १२.४५

मॅडम सूक्ष्मदर्शकाशी. बी. जे. मेडिकलला शिकलेल्या, ससूनच्या त्या दिवसांत एका ट्रेमध्ये दीडशे स्लाइड बघितल्याचं सांगतात. २७च्या नऊ स्लाइड बघायला त्यांना वीस मिनिटं लागतात. मला दुसऱ्या नळीतून बघायला देतात. आतलं अस्तर असायला हवं तिथे उंच, चिकट द्रवाने भरलेल्या पेशींची एक ओळ. पेशी फारशा बिघडलेल्या दिसत नाहीत, निमूट उभ्या आहेत. भिंत मात्र त्यांनी बाहेर ढकलत ढकलत पातळ केली आहे.

याचं नाव लॅम्न. लो-ग्रेड ॲपेंडिशियल म्युसिनस निओप्लाझम. कॅन्सर म्हणावा इतका आक्रमक नाही, साधी गाठ म्हणून सोडून द्यावा इतका भाबडाही नाही. नळीच्या आत आहे तोवर अपेंडिक्स काढलं की काम झालं. नळी फुटली आणि चिकट द्रवाबरोबर पेशी पोटात सांडल्या की त्या तिथे रुजतात आणि द्रव बनवत राहतात. वर्षं लागतात. पोट वाढत जातं, बाई असेल तर अंडाशयाचा आजार वाटतो, पुरुष असेल तर हर्निया. त्याला स्यूडोमिक्सोमा पेरिटोनाय म्हणतात. दरवर्षी दहा लाखांत एक-दोघांना होतो. अपेंडिक्सच्या अशा फुग्याचं वर्णन व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कींनी १८४२ मध्ये केलं होतं. हॉलिवूडची अभिनेत्री ऑड्री हेपबर्न १९९३ च्या जानेवारीत गेली, ती अपेंडिक्सच्याच कॅन्सरने.

म्हणून मॅडम नऊही स्लाइडवर एकच गोष्ट शोधतात, बाहेरच्या आवरणावर द्रव आला आहे का. २७-एफवर थांबतात. लेन्स बदलतात. भिंत कागदासारखी पातळ, पण सलग. काळ्या शाईच्या कडेला पेशी नाहीत.

नेहमीसारखे तीन तुकडे घेतले असते तर २७-एफ बनलाच नसता.

१.३०

सर्जनना फोन. मॅडम एकच प्रश्न तीन प्रकारे विचारतात. ऑपरेशनच्या वेळी अपेंडिक्स फुटलं होतं का? पोटात जेली दिसली का? अखंड बाहेर काढलं की ओढताना फाटलं? सर्जन व्हिडिओ बघून सांगतो म्हणतात. दहा मिनिटांनी फोन येतो. अखंड होतं, पिशवीत घालून काढलं.

मग मोठ्या आतड्याची उजवी बाजू काढायची गरज नाही. ही गाठ लसिकाग्रंथींत सहसा जात नाही. काही वर्षं अधूनमधून सीटी स्कॅन आणि रक्तातलं सीईए, म्हणजे गाठीची चाहूल देणारं प्रथिन, बघत राहायचं, मोठं आतडंही एकदा दुर्बिणीतून तपासून घ्यायचं. मॅडम रिपोर्ट स्वतः टाइप करतात, दोन बोटांनी.

डबा खाता खाता ड्रॉवरमधली गेल्या महिन्यातली एक स्लाइड काढून दाखवतात. एका कॉलेजच्या मुलाचं अपेंडिक्स, टोकाला आठ मिलिमीटरची पिवळट गाठ. न्यूरोएंडोक्राइन, जुन्या भाषेत कार्सिनॉइड. हीही अपेंडिक्स दुखलं म्हणून काढलं तेव्हाच सापडली. एक सेंटिमीटरपेक्षा लहान, म्हणून अपेंडिक्स काढलं तेवढंच पुरे. दोन सेंटिमीटरच्या वर असती तर आतड्याचं मोठं ऑपरेशन. शंभर अपेंडिक्समागे एखाद्यात असं काही निघतं. बाकी ९९ मध्ये सूज, पू, शौचाचा खडा.

काही ठिकाणी अपेंडिक्स बाटलीत घालून नातेवाइकांना नुसतं दाखवतात आणि टाकून देतात. तपासणीचे हजारभर रुपये वाचतात. घरच्यांनाही बरंच वाटतं. त्यांना दोष देणं मला जमत नाही. ऑपरेशनच्या बिलापुढे उभं राहिलेल्या माणसाला हजार रुपये हजारच वाटतात.

३.१५

ग्रॉसिंग, म्हणजे आलेले नमुने बघून, मोजून कापणं. आजचा नवा माल. कुरिअरचा मुलगा स्कूटरवर सासवड, भोरची हॉस्पिटलं फिरून आलाय. पेट्रोल त्याचं, फेरीचे पैसे लॅबचे. एक अपेंडिक्स मधाच्या रिकाम्या बाटलीत, फॉर्मलिन जेमतेम बुडेल एवढं. तुकड्याच्या दहापट फॉर्मलिन हवं, नाहीतर आतून सडतं. ताई मुलावर चिडत नाहीत, बाटली बदलतात, फॉर्मवर वेळ टाकतात. "अरे, त्यांना सांग, आपले डबे फुकट आहेत म्हणावं. घेऊन जा चार."

मॅडम कापतात, मोजतात, बोलतात, ताई लिहितात. सात सेंटिमीटर लांब, पाच मिलिमीटर जाड, बाहेरून लालसर. टोक उभं चिरायचं, मधून एक आडवा काप, बुंध्याचा एक. आज तीन अपेंडिक्स आहेत, तिन्ही सरळ.

४.५०

दौंडचा एक माणूस आलाय. बहिणीचे ब्लॉक न्यायला. तिचं पोट वाढत होतं, अंडाशयाची गाठ समजून ऑपरेशन केलं तर आत जेली. तपासणी इथेच झाली होती. आता मुंबईला टाटा हॉस्पिटलात दाखवायचंय, तिथे ब्लॉक मागितलेत. ताई कपाटातून काढतात, नंबर जुळवतात, कापसात गुंडाळून डबीत भरतात. "दादा, उन्हात ठेवू नका. मेण आहे." रजिस्टरवर सही, आधारची झेरॉक्स. झेरॉक्स खाली, दोन रुपये.

तो मॅडमना विचारतो, "पोट गरम पाण्याने धुतात म्हणे?"

"पाणी नाही, औषध." मॅडम खुर्ची देतात. आधी सर्जन दिसेल तेवढा रोग काढणार. पोटाचं आतलं अस्तर, आतड्यावरची चरबीची झालर, लागलं तर प्लीहा, आतड्याचा तुकडा. आठ-दहा तास, कधी जास्तही. पोटाचे तेरा भाग धरून कुठे किती रोग आहे त्याला गुण देतात, जास्तीत जास्त ३९. अडीच मिलिमीटरपेक्षा मोठं काही मागे राहता कामा नये. मग ४२ अंशांच्या आसपास तापवलेलं केमोचं औषध, बहुधा मायटोमायसिन, तासभर-दीड तास पोटात फिरवतात. याला हायपेक म्हणतात. वॉशिंग्टनच्या पॉल शुगरबेकर नावाच्या सर्जननी हे बसवलं. सुरुवातीला त्यांचं फारसं कुणी ऐकत नव्हतं.

"बरी होते का माणसं?"

"सगळा रोग काढता आला तर बरीच वर्षं नीट जगतात. काढता येईल का, हे तिथले डॉक्टर बघून सांगतील."

खर्चाचं तो विचारतो. मॅडम म्हणतात, काही लाख. सरकारच्या महात्मा फुले जनआरोग्य योजनेत किती बसेल ते तिथल्या सोशल वर्करला पहिल्याच दिवशी विचारा, नंतर नको. तो हातावर पेनने लिहून घेतो. उद्या पहाटेची सिंहगड एक्सप्रेस, दादरला उतरून पुढे परळ. रात्र स्टेशनवरच काढणार आहे. डबी पिशवीत न टाकता शर्टाच्या खिशात ठेवतो आणि बटण लावतो.

६.१५

हिशेबाचा मुलगा विचारतो, २७ नंबरला तीनऐवजी नऊ ब्लॉक झाले, एक पातं जास्त, बिल किती लावू? मॅडम म्हणतात, अपेंडिक्सचं आहे तेवढंच. तो तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणतो आणि तेवढंच लावतो.

६.३०

५८ कॅसेट टोपलीत. ताई भांड्यांची पातळी बघतात, मेणाचं भांडं बोटाने चाचपतात, टायमर लावतात. टोपली पहिल्या भांड्यात बुडेपर्यंत उभ्या राहतात. मग कालच्या रिपोर्ट झालेल्या बाटल्यांवर तारखा टाकून त्या फळीवर. महिनाभराने जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जातील. वॉचमनकाकांना पुन्हा एकदा लाइटचं सांगून होतं.

स्वारगेटला कात्रजची बस भरलेलीच येते. ताई दुसरीची वाट बघत नाहीत, दांडी धरून चढतात.