खासगीपणाची संकल्पना आणि अवकाशीय संगणन

१

'खासगी' हा शब्द आज मराठीत व्यक्तीच्या अंतरंगाशी निगडित मानला जातो. त्याचा पूर्वेतिहास मात्र वेगळा आहे. अरबी 'खास' या शब्दापासून फारसीच्या मार्गाने मराठीत आलेला हा शब्द प्रथम मिळकतीचा व कारभाराचा होता. होळकरांच्या राज्यात राजकुटुंबाच्या स्वतःच्या उत्पन्नाचा विभाग तो 'खासगी', आणि राज्याच्या तिजोरीचा विभाग तो 'दौलत', असा भेद कटाक्षाने पाळला जात असे. अहिल्याबाईंची अनेक धर्मकृत्ये या खासगीच्या उत्पन्नातून झाली. म्हणजे 'खासगी' याचा मूळ अर्थ 'लपविण्याजोगे' असा नसून 'ज्यावर दुसऱ्याचा अधिकार नाही असे' हा होय.

इतर भारतीय भाषांनी याच कल्पनेसाठी भिन्न वाटा निवडल्या आहेत. हिंदीत 'निजता' आहे, मलयाळममध्ये 'स्वकार्यता' आहे. दोहोंत 'स्वतःचे' ही भावना प्रधान आहे. तमिळमधील 'तनियुरिमै' या शब्दात एकटेपण आणि हक्क एकत्र आले आहेत. कन्नडने 'खासगितन' म्हणून मराठीशी नाते राखले आहे. याउलट बंगाली व गुजरातीतील 'गोपनीयता' आणि तेलुगूतील 'गोप्यत' हे शब्द 'गुप्' या धातूकडे, म्हणजे झाकण्याकडे, जातात. मराठीतही कायद्याच्या व कार्यालयाच्या भाषेत 'गोपनीयता' रुळली आहे. वरवर पाहता हा केवळ पर्यायी शब्दांचा प्रश्न वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत संगणनाची जी नवी शाखा उदयास आली आहे, तिच्या संदर्भात 'स्वतःचे' आणि 'झाकलेले' या दोन अर्थांतील अंतर निर्णायक ठरते, असे दिसून येईल.

२

या शाखेला इंग्रजीत 'स्पेशियल कॉम्प्युटिंग' म्हणतात. मराठीत तिला 'अवकाशीय संगणन' म्हणता येईल. सायमन ग्रीनवोल्ड यांनी २००३ मध्ये मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील आपल्या प्रबंधात तिची व्याख्या केली. यंत्र जेव्हा प्रत्यक्ष वस्तूंचे व जागांचे संदर्भ स्वतःजवळ बाळगते आणि त्यांवर क्रिया करते, तेव्हा माणसाच्या त्या यंत्राशी होणाऱ्या व्यवहाराला अवकाशीय संगणन म्हणावे, असा तिचा आशय आहे. डोळ्यांवर चढविलेल्या उपकरणातून खोलीतील टेबलावर एखादी काल्पनिक वस्तू ठेवलेली दिसते. पाहणारा भोवती फिरला तरी ती वस्तू जागची हलत नाही. हा चमत्कार साधण्यासाठी यंत्राला दोन गोष्टींचे अखंड ज्ञान असावे लागते: खोली कशी आहे, आणि पाहणाऱ्याचे मस्तक त्या क्षणी नेमके कोठे व कोणत्या दिशेस आहे.

हे सत्य या तंत्राच्या जन्मापासूनचे आहे. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी मस्तकावर धारण करावयाचे पहिले संगणकीय दृश्ययंत्र सादर केले, तेव्हा ते छताला टांगलेले होते आणि मस्तकाची प्रत्येक हालचाल मोजल्यावाचून त्याला काहीच दाखविता येत नव्हते. छायाचित्रणात पाहणे आणि टिपणे या दोन क्रिया निराळ्या करता येतात. येथे मोजल्याखेरीज दाखविताच येत नाही. म्हणूनच 'माहिती गोळाच करू नये' हे उत्तर येथे पुरेसे होत नाही. मोजलेले कोठे राहते, किती काळ राहते आणि कोणाच्या हाती जाते, हा खरा प्रश्न आहे.

आजच्या उपकरणांची मोजण्याची शक्ती किती वाढली आहे, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत विक्रीस आलेल्या ॲपलच्या 'व्हिजन प्रो' या उपकरणात बारा कॅमेरे, पाच संवेदक आणि सहा मायक्रोफोन आहेत. त्यांपैकी काही खोलीकडे, काही हातांकडे, तर काही खुद्द धारकाच्या डोळ्यांकडे रोखलेले आहेत. नजर हीच येथे निवडीची खूण असल्याने डोळ्यांचा मागोवा घेणे यंत्राला भागच पडते. ही नजरेची माहिती उपकरणातच राहते आणि इतर कंपन्यांच्या प्रणालींना केवळ अंतिम निवड कळविली जाते, अशी निर्मात्यांची ग्वाही आहे. तिचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. तथापि २०२४ मध्येच संशोधकांनी दाखवून दिले की, दूरसंभाषणात धारकाऐवजी जो संगणकनिर्मित चेहरा समोरच्याला दिसतो, त्याच्या डोळ्यांच्या हालचालींवरून धारक नजरेने कोणती अक्षरे टंकित करीत आहे याचा अंदाज बांधता येतो. तो दोष त्याच वर्षी दूर करण्यात आला. परंतु यंत्राच्या आत काटेकोरपणे राखलेली माहिती यंत्राच्याच दर्शनी भागातून बाहेर पडू शकते, हा त्यातील धडा कायम आहे.

३

या माहितीतून माणसाविषयी काय कळते? नजर कोठे थबकली, किती वेळ थबकली, हे तर कळतेच. शिवाय मनातल्या मनात गुणाकार करताना प्रश्न जसा कठीण होत जाईल तशी डोळ्याची बाहुली विस्फारते, हे मानसशास्त्रज्ञांनी १९६४ मध्येच नोंदविले होते. म्हणजे धारकाने न उच्चारलेले, कित्येकदा त्याला स्वतःलाही न जाणवलेले श्रम किंवा आकर्षण मोजमापात उतरू शकते.

त्याहून आश्चर्यकारक गोष्ट शरीराच्या साध्या हालचालींची आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातील एका अभ्यासात ५११ व्यक्तींनी आभासी वास्तवातील चित्रफिती पाहिल्या. प्रत्येकाच्या पाच मिनिटांहूनही कमी काळाच्या हालचालींची नोंद यंत्राला शिकविल्यावर त्यांपैकी ९५ टक्के व्यक्ती अचूक ओळखता आल्या. २०२३ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील संशोधकांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी एका तालबद्ध खेळातील ५५,५४१ खेळाडूंच्या मस्तकाच्या व हातांच्या हालचाली अभ्यासल्या. केवळ १०० सेकंदांच्या हालचालीवरून खेळाडूची ओळख ९४ टक्क्यांहून अधिक प्रमाणात पटली. अवघ्या १० सेकंदांवरूनही ती ७३ टक्क्यांच्या आसपास पटली. नाव नाही, चेहरा नाही, आवाज नाही. असे असूनही हजारोंच्या समुदायातून माणूस वेगळा काढता येतो.

'गोपनीयता' या शब्दाची मर्यादा येथे उघड होते. माणसाची चाल, मान वळविण्याची लकब, हात उचलण्याची ढब यांत गुप्त असे काहीच नाही. गल्लीतील प्रत्येकाला ती दिसत असते. लांबून येणाऱ्या नातलगाला चालीवरून ओळखणे हा तर नित्याचा अनुभव आहे. परंतु शेजाऱ्याची ओळख ही परस्परांची असते. ज्याला आपण ओळखतो तोही आपल्याला ओळखतो, आणि ती ओळख माणसाबरोबरच विरून जाते. यंत्रातील ओळख एकतर्फी असते, टिकाऊ असते आणि हस्तांतरणीय असते. जे उघड आहे, तेही त्या माणसाचे 'स्वतःचे' असू शकते. 'खासगी' हा जुना शब्द ही गोष्ट सांगू शकतो. 'गोपनीय' हा शब्द ती सांगू शकत नाही. उलट, 'लपविण्यासारखे काही नसेल तर भय कसले?' या परिचित आक्षेपाला तो आयता आधार पुरवितो.

४

आता खोलीकडे वळावे. मराठी घराच्या रचनेत खासगीपणाची एक उतरंड होती. ओसरी सर्वांसाठी, माजघर घरच्यांसाठी, स्वयंपाकघर व देवघर त्याहून आत; कोणी कोणत्या उंबरठ्यापर्यंत यावे याचे न लिहिलेले नियम होते. ही व्यवस्था निर्दोष होती असे मानण्याचे कारण नाही. उंबरठ्याचा नियम स्त्रियांना आत ठेवण्यासाठी आणि दलितांना बाहेर ठेवण्यासाठीही वापरला गेला. दया पवार यांच्या 'बलुतं' (१९७८) या आत्मकथनातील मुंबईच्या कावाखान्यात तर अनेक संसारांच्या वाट्याला भिंतीचा पुरता आडोसाही नव्हता. खासगीपणा ही सर्वांना समान मिळालेली वस्तू नव्हती. मात्र ज्यांच्याजवळ तो होता त्यांच्याजवळ तो प्रामुख्याने जागेच्या रूपाने होता, हे खरे.

भारतीय न्यायविचाराचा आरंभही घरापासूनच झाला. खडक सिंह खटल्यात १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनी रात्री-अपरात्री घरी जाऊन तपासणी करण्याची तरतूद रद्द ठरविली. परंतु खासगीपणाचा स्वतंत्र मूलभूत हक्क बहुमताने मान्य केला नाही. पुढे कॅनरा बँकेच्या खटल्यात न्यायालयाने असे म्हटले की, हा हक्क जागेचा नसून व्यक्तीचा आहे; व्यक्तीचे कागद बँकेत असले म्हणून तिचा हक्क नष्ट होत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने एकमताने खासगीपणाला मूलभूत हक्काचे स्थान दिले. जागेकडून व्यक्तीकडे झालेला हा प्रवास निःसंशय प्रगतीचा होता.

अवकाशीय संगणनाने मात्र एक विलक्षण उलट परिस्थिती निर्माण केली आहे. कायदा जागेला सोडून व्यक्तीकडे आला, त्याच सुमारास जागाच व्यक्तीविषयी बोलू लागली. खोलीचा नकाशा म्हणजे केवळ लांबी-रुंदी नव्हे. पाळणा, चाकांची खुर्ची, औषधांची फळी, देव्हारा अथवा नमाजाची चटई, अंथरुणांची संख्या यांवरून कुटुंबाचे वय, आरोग्य, धर्म व सांपत्तिक स्थिती वाचता येते. यंत्र अनेकदा खोलीचे चित्र न साठविता केवळ विरळ बिंदूंचा समूह साठविते, म्हणून ते निरुपद्रवी मानले जात असे. परंतु अशा बिंदुसमूहापासून मूळ दृश्याची तपशीलवार प्रतिमा पुन्हा उभारता येते, हे २०१९ मध्ये संशोधकांनी सिद्ध केले.

सार्वजनिक जागांचाही असाच प्रश्न आहे. २०१६ मध्ये 'पोकेमॉन गो' हा खेळ जगभर पसरला, तेव्हा गुजरात उच्च न्यायालयात त्याविरुद्ध एक जनहित याचिका दाखल झाली. खेळातील अंडी प्रार्थनास्थळांच्या जागी दिसतात, ही त्यातील एक तक्रार होती. वरकरणी ही तक्रार विनोदी वाटली, तरी तिच्या मुळाशी असलेला प्रश्न गंभीर होता: एखाद्या स्थळावर अदृश्य असे काही रचण्याचा अधिकार कोणाचा? याच खेळाच्या निर्मात्या कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर केले की, खेळाडूंनी स्वेच्छेने टिपून पाठविलेल्या स्थळदृश्यांचा उपयोग करून जगाचे एक विशाल भूस्थानिक प्रतिमान घडविले जात आहे. खेळाडूने संमती दिली असेल. चौकाने ती दिलेली नव्हती, आणि चौकात राहणाऱ्यांनीही नव्हती.

५

या साऱ्यात संमतीची कल्पनाच सर्वाधिक ताणली जाते. भारताचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीवर मोठी भिस्त ठेवतो; त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अंमलात येत आहेत. परंतु एका घरात उपकरण एकाच्या डोळ्यांवर असते, आणि नोंद मात्र आजीची, भाच्याची, कामाला येणाऱ्या बाईची व दारात उभ्या पाहुण्याची होते. व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती प्रयोजनासाठी केलेली माहितीची हाताळणी या कायद्याच्या कक्षेबाहेर आहे. त्यामुळे ज्याने उपकरण घातले त्याला पाहुण्याने या कायद्यान्वये जाब विचारणे कठीण. माहिती ज्या कंपनीकडे जाते तिच्यावर बंधने आहेत. पण आपली नोंद झाली हे पाहुण्याला कळणार कसे? साध्या चष्म्यासारख्या दिसणाऱ्या, कॅमेरायुक्त उपकरणांत चित्रण चालू असता एक लहान दिवा लागतो. हे उपकरण मे २०२५ पासून भारतातही विकले जाते. उन्हात, गर्दीत त्या दिव्याचा अर्थ किती जणांस उमगेल, हा प्रश्नच आहे. २०२४ मध्ये अमेरिकेतील दोन विद्यार्थ्यांनी अशा चष्म्याला चेहरा शोधणाऱ्या प्रणालीची जोड देऊन रस्त्यातील अनोळखी माणसांची नावे व पत्ते शोधता येतात, हे धोक्याचा इशारा म्हणून दाखवून दिले.

यावरून हे तंत्र त्याज्य ठरते असे नाही. शस्त्रक्रियेच्या शिक्षणात, दृष्टिहीनांच्या मार्गदर्शनात त्याचे उपयोग मोलाचे आहेत. परंतु तीन गोष्टींचा भेद राखला गेला पाहिजे: दृश्य घडविण्यापुरते मोजून तत्क्षणी टाकून दिलेले, उपकरणात साठविलेले, आणि अन्यत्र पाठविलेले. आज वापरणाऱ्यापुढे येणारी संमतीची एकच कळ या तिहींना एकत्र करते.

अखेरीस हा प्रश्न भाषेच्या अभ्यासकांकडे परत येतो. उपरोक्त कायद्यानुसार संमतीसंबंधीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नागरिकाला मिळाला पाहिजे. या सूचना लवकरच कोट्यवधी भारतीय वाचतील. बहुतेकांना या विषयाचा परिचय त्यांतूनच होईल. त्यांत 'अवकाशीय माहिती' असे मोघम लिहिले जाईल, की 'तुमच्या घरातील वस्तूंची मांडणी, तुमची चाल व तुमची नजर' असे उघड लिहिले जाईल, यावर संमतीला काही अर्थ उरेल की नाही हे ठरणार आहे. ते शब्द इंग्रजी मसुद्याचे यांत्रिक भाषांतर म्हणून अवतरू द्यावयाचे, की प्रत्येक भाषेतील 'स्व', 'निज', 'तनि' आणि 'खास' यांचा संचित अर्थ त्यांत उतरवावयाचा, याचा निर्णय केवळ विधिज्ञांवर व अभियंत्यांवर सोपविण्याजोगा नाही. ज्या शब्दाने एके काळी राजाची मिळकत राज्याच्या तिजोरीपासून वेगळी राखली, त्याच शब्दाला आता सामान्य माणसाची नजर आणि चाल परक्याच्या तिजोरीपासून वेगळी राखण्याचे काम करावयाचे आहे.