फुलावरून पानाकडे

आमच्या गच्चीवर कढीलिंबाची मोठी कुंडी आहे. बेंगळुरूत त्याला करिबेवु म्हणतात. शेजारच्या आज्जी सारासाठी लागेल तेव्हा हक्काने एक डहाळी खुडून नेतात. पाऊस ओसरत आला होता तेव्हाची गोष्ट. कोवळ्या पानावर पक्ष्याची विष्ठा पडलेली दिसली: तपकिरी, मध्ये पांढरा पट्टा, वर ओलसर चकाकी. मॅक्रो लेन्स लावलेला कॅमेरा हातात होता, तो जवळ नेला. विष्ठेला डोके होते, आणि ते डोके पानाची कड कुरतडत होते.

ती कॉमन मॉर्मन या फुलपाखराची अळी होती. त्या दिवसापर्यंत मी चार वर्षे फुलपाखरांचे फोटो काढत होतो आणि त्यातला जवळजवळ प्रत्येक फोटो फुलावरचा होता.

यात नवल नाही. हे शहर माणसाला फुलाकडेच नेते. १७६० मध्ये हैदर अलीने सुरू केलेली लालबाग आज सुमारे २४० एकरांवर पसरली आहे. जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये तिथे पुष्पप्रदर्शन भरते, आणि १८८९ साली पायाभरणी झालेल्या काचघरात पाय ठेवायला जागा उरत नाही. या बागेला आजचे रूप देणाऱ्यांत गुस्टाव्ह हेरमान क्रुम्बिगेल यांचे नाव आदराने घ्यावे लागते. जर्मनीत जन्मलेला, लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेला हा माणूस १८९३ मध्ये भारतात आला तो सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात. म्हैसूर संस्थानाने १९०८ मध्ये त्यांना बेंगळुरूला आणले. रस्त्याकडेची झाडे अशी निवडायची की एकाचा बहर ओसरेतो दुसऱ्याचा सुरू व्हावा, ही त्यांची कल्पना. वर्षभर कुठे ना कुठे फुललेले हे शहर त्या कल्पनेचे ऋणी आहे.

पण फूल म्हणजे फुलपाखराची खानावळ. तिथे ते मध प्यायला येते आणि उडून जाते. त्याचा जन्म आणि बहुतेक बालपण पानावर जाते, तेही ठरावीक झाडाच्याच पानावर. कॉमन मॉर्मनला लिंबाच्या कुळातली झाडे लागतात: लिंबू, संत्रे, कढीलिंब. झिनियाचा अख्खा वाफा लावला तरी त्यावर तिचे एक अंडे मिळणार नाही. आमच्या एका कुंडीवर त्या आठवड्यात तीन अळ्या होत्या.

किडा जेवढा, तेवढीच त्याची प्रतिमा सेन्सरवर उमटली, म्हणजे एकास एक प्रमाण साधले, की ती खरी मॅक्रो. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर १२ मिलिमीटरची मधमाशी चौकटीची अर्धी उंची व्यापते. ऐकायला सोपे आहे. मात्र या अंतरावर एफ-८ छिद्राला स्पष्टतेची खोली जेमतेम एक मिलिमीटर उरते. कॉमन मॉर्मनचे गोल, फिकट पिवळे अंडेही साधारण तेवढेच असते. डोळा स्पष्ट आला तर पाय पुसट, पाय आला तर डोळा गेला. छिद्र आणखी लहान करावे तर प्रकाशाच्या विवर्तनाने सगळेच चित्र मऊ पडते. शिवाय एकास एक प्रमाणात सेन्सरपर्यंत नेहमीच्या चौथा हिस्साच प्रकाश पोचतो. म्हणून फ्लॅश लागतो, आणि किड्याच्या चकचकीत पाठीवर त्याचा पांढरा डाग पडू नये म्हणून फ्लॅशपुढे ट्रेसिंग पेपर किंवा पातळ फोम. फोकसची रिंग फिरवत बसण्यात अर्थ नसतो. श्वास रोखून स्वतःच केसभर पुढे-मागे झुलायचे आणि डोळा लख्ख दिसला त्या क्षणी बटण दाबायचे.

महागड्या लेन्सवाचून अडत नाही, हेही सांगायला हवे. साध्या ५० मिलिमीटरच्या लेन्समागे ५० मिलिमीटरच्या एक्स्टेन्शन ट्यूब लावल्या तरी एकास एक प्रमाण मिळते. तीच लेन्स रिव्हर्स रिंगने उलटी बसवली तरी बरेच काम होते. खरे भांडवल पहाटेचे. डिसेंबरात इथे सकाळी चांगला गारवा असतो. रक्त थंड असलेले किडे उन्हाची वाट पाहत निश्चल बसलेले असतात. निळ्या पट्ट्यांच्या मधमाश्यांचे नर तर काडीला जबड्याने पकडून रात्रभर झोपतात, एका काडीवर ओळीने. सूर्य वर येईपर्यंत ते हलत नाहीत.

आणि निरखून पाहिले की नेहमीचे काहीतरी वेगळेच निघते. आंब्याची पाने शिवून घरटे करणाऱ्या लाल मुंग्यांमध्ये एखादी मुंगी जरा एकटी फिरताना दिसते. तिचे पाय मोजा. आठ भरले तर ती मुंगी नाही, मुंगीचे सोंग घेतलेला उडी मारणारा कोळी आहे. पुढचे दोन पाय उचलून तो मिशांसारखे हलवतो. नुसत्या डोळ्याला फसवणारे हे सोंग मॅक्रो लेन्सपुढे उघडे पडते.

सोंगाचा विषय निघाला की कॉमन मॉर्मनकडे परतावेच लागते. बहुरूपी हा शब्द तिच्याइतका कुणाला शोभत नसेल. नर एकाच रूपाचा: काळा, मागच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग. दक्षिण भारतात मादी मात्र तीन रूपांत भेटते. एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. या दोन्ही ‘रोझ’च्या अळ्या ईश्वरीच्या वेलीवर वाढतात आणि तिचे विष अंगात साठवतात, म्हणून पक्षी त्यांना टाळतात. कॉमन मॉर्मनच्या अंगात असले काही नसते. ती फक्त त्यांची वस्त्रे नेसते. ही वेगवेगळी दिसणारी फुलपाखरे एकाच जातीच्या माद्या आहेत, हे आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी १८६५ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात मांडले. एका आईची लेकरे इतकी निरनिराळी कशी, हा प्रश्न पुढे दीडशे वर्षे पुरला.

त्याच्या उत्तरात एक मराठी नाव आहे. पुण्याचे कृष्णमेघ कुंटे बेंगळुरूतल्या बेल्लारी रस्त्यावरच्या जीकेव्हीके या कृषी विद्यापीठाच्या परिसरातील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात संशोधन करतात. त्यांनी आणि अमेरिकेतील सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले की मादीच्या पंखांवरचा हा सगळा नक्षीबदल ‘डबलसेक्स’ नावाचे एकच जनुक सांभाळते. किड्यांमध्ये नर-मादी घडवण्याचे काम ज्याच्याकडे, तेच हे जनुक. बऱ्याच जवळजवळच्या जनुकांचा जुडगा हे काम करत असावा, अशी जुनी अटकळ होती. एकाच जनुकाकडे दोन्ही कामे निघाली. मला हा शोध कुठल्याही दुर्मीळ प्राण्याच्या शोधाहून मोठा वाटतो, कारण त्याचा नायक आपल्या आमटीतल्या कढीलिंबावर वाढतो.

कुंटे यांचे ‘बटरफ्लाईज ऑफ पेनिन्सुलर इंडिया’ हे पुस्तक २०००चे. बेंगळुरूच्याच भारतीय विज्ञान अकादमीच्या ज्या मालिकेत ते निघाले, तिचे संपादक माधव गाडगीळ. तेही पुण्याचेच, १९७३ मध्ये इथल्या भारतीय विज्ञान संस्थेत रुजू झालेले, आणि १९८३ साली तिथे पर्यावरणशास्त्राचे केंद्र उभे करणारे. शाळा-कॉलेजातल्या मुलांनी आपल्या परिसरातले जीव स्वतः ओळखावेत, हा त्या मालिकेमागचा हेतू. कुंटे यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या ‘बटरफ्लाईज ऑफ इंडिया’ या संग्रहात हौशी माणसांनी काढलेले फोटो पुरावा म्हणून नोंदले जातात. तिथे फोटोच्या सौंदर्याइतकेच तारखेला आणि ठिकाणाला मोल आहे. अळीचा फोटो असेल तर ती कोणत्या झाडावर होती, हेही हवे. माझ्या चार वर्षांच्या फोटोंपैकी बहुतेकांखाली झाडाचे नावच नव्हते. पार्श्वभूमी हिरवी, मऊ, धूसर ठेवण्याच्या नादात मी नेमके तेच पुसून टाकले होते.

आपल्या अंगणात नवे काय उरले असणार, असे वाटत असेल तर विज्ञान संस्थेच्या आवारातली मुंगी आठवावी. २००६ साली तिथून मुंगीची एक नवी जात नोंदली गेली. तिच्या शास्त्रीय नावात शहराचेच नाव गुंफले आहे: डायलोबोकोंडायला बँगलोरिका. जंगलात न जाता, शहराच्या मध्यावर.

आमच्या तीन अळ्यांपैकी एक तिसऱ्या दिवशी गांधीलमाशीने नेली. चघळून तिचा गोळा केला आणि उडाली. गांधीलमाश्या प्रौढ वयात मधावर भागवतात; हे मांस घरट्यातल्या पिल्लांसाठी असते. राघवेंद्र गदगकर यांनी विज्ञान संस्थेत याच धाटणीच्या माश्यांचा, रोपालिडिया मार्जिनाटा या जातीचा, अनेक दशके अभ्यास केला. प्रत्येक माशीच्या अंगावर रंगाचे बारीक ठिपके देऊन तिला ओळख द्यायची आणि मग कोण काय करते ते तासन्‌तास टिपायचे. त्या क्षणी मात्र मला अळीचेच वाईट वाटले. तरी हात मध्ये घातला नाही.

हात घालण्याचा मोह या छंदात फार. किडा फ्रिजमध्ये ठेवून गारठवायचा, फुलावर नेऊन बसवायचा, दव म्हणून ग्लिसरीन फवारायचे, हे प्रकार सर्रास चालतात. हे मला मान्य नाही. असा फोटो खोटी साक्ष देतो: जे फूल त्या किड्याचे नाही ते त्याचे म्हणून दाखवतो. टी. एन. ए. पेरुमल (१९३२–२०१७) यांनी याच शहरात राहून फिल्मच्या काळात निसर्ग टिपला आणि कितीतरी जणांना शिकवले. एका रोळात ३६ फोटो. पेटीभर साहित्य घेऊन थांबायचे, जीव स्वतःहून स्थिरावेपर्यंत. आज एकेका किड्याचे फोकस सरकवत तीस-चाळीस फोटो घेऊन ते संगणकावर एकत्र रचता येतात आणि डोळ्यापासून नखीपर्यंत सगळे स्पष्ट दिसते. साधन बदलले तरी थांबणे चुकलेले नाही. जिवंत किडा हलला की ती रचना कोसळते.

उरलेल्या दोन अळ्या कात टाकत गेल्या. चौथ्या अवस्थेपर्यंत विष्ठेचे सोंग, आणि पाचव्या अवस्थेत एकाएकी पानासारखा हिरवा रंग, खांद्यावर खोटे डोळे. शरीरातले ज्युव्हेनाइल हार्मोन घटले की हा वेष बदलतो, हे जपानी संशोधकांनी २००८ मध्ये याच गणातल्या एका फुलपाखरावर दाखवले. लेन्सचे टोक जरा जास्तच जवळ गेले तेव्हा एकीने डोक्यामागून लाल दुभंगी शिंग बाहेर काढले आणि उग्र वास सोडला. मी मागे सरलो. तो फोटो हलला, तरी ठेवला आहे.

दोघींनी रेशमाचा एकेक पट्टा कमरेला बांधून कोष केले, एक हिरवा, एक तपकिरी. हिरव्यातून पहाटे मादी बाहेर आली. मागच्या पंखांवर पांढरा पट्टा, कडेला लाल चंद्रकोरी, हुबेहूब कॉमन रोझ. पंख वाळेपर्यंत ती कोषाच्या सालीला लटकून राहिली, तेवढ्यात शरीर नीट पाहून घेतले. कॉमन रोझचे पोट लाल असते. हिचे काळे होते.

आज्जी डहाळी न्यायला आल्या होत्या. त्यांनी फुलपाखराकडे पाहून ‘चिट्टे’, म्हणजे फुलपाखरू, एवढेच म्हटले, मग हातातली डहाळी उलटी केली आणि एकेका पानाची पाठ तपासायला लागल्या. चौथ्या पानावर पिवळे अंडे होते. ती डहाळी त्यांनी कुंडीतच खोचून ठेवली आणि दुसरी खुडली. मी अंड्याचा फोटो घेतला, खाली तारीख लिहिली, आणि झाडाचे नाव.