गिटारची बाराखडी (लेखांक 9) : रिकामा जाणारा हात

जी, सी, डी या कॉर्ड बदलायला डावा हात एव्हाना सरावला असेल. आता पाळी उजव्याची. शिकणारी मंडळी इथे आली की स्ट्रमिंगचे पॅटर्न जमवायला लागतात. वही भरते, हात आहे तिथेच राहतो. सुरतेत राहणाऱ्याने तर हा उद्योग करूच नये. लिंबायत-उधन्याच्या खानदेशी वस्तीत भजनाचा केरवा कानावर पडतो आणि नवरात्रात शेरी (गल्लीतल्या) गरब्याचा हींच ठेका झोपू देत नाही. पहिला आठ मात्रांचा, दुसरा सहांचा. सुरुवातीला एवढे दोन पुष्कळ झाले.

आधी आठ. कॉर्ड नको, डाव्या हाताने तारा नुसत्या झाका. उजवा हात खाली-वर सारखा चालू द्या : एक, तीन, पाच, सातला खाली, दोन, चार, सहा, आठला वर. आता दुसऱ्या आणि पाचव्या मात्रेला हात फिरू द्या, पण तारांना लावू नका. जे ऐकू येईल ते असं : डाऊन, डाऊन-अप, अप-डाऊन-अप. गिटारच्या कुठल्याही क्लासमध्ये बहुधा हाच पॅटर्न आधी शिकवतात. मला गंमत वाटते ती पाचव्या मात्रेची. केरव्याचा काल, म्हणजे रिकामी मात्रा, नेमका तिथेच. तबल्यावर तेव्हा आवाज थांबत नाही, डग्ग्याची घुमक तेवढी जाते. गिटारवर आपण अख्खी मात्रा सोडतो. योगायोग म्हणा हवं तर, पण कानात केरवा मुरलेल्याला हा पॅटर्न पाठ करावा लागत नाही. नवशिका अडतो तोही इथेच. पाचव्याला तो हातच थांबवतो, मग सहावी घाईघाईने गाठतो आणि लय पळते. आवाज सोडायचा, हालचाल नाही.

सहाचं प्रकरण जरा फसवं आहे. हींचमध्ये सहाची वाटणी तीन-तीन, जोर पहिल्या आणि चौथ्या मात्रेवर. पाश्चात्त्य वॉल्ट्झमध्ये तेच सहा वार दोन-दोन-दोन पडतात, दुसरा रिकामा : डाऊन, डाऊन-अप, डाऊन-अप. ‘सहाचा पॅटर्न’ म्हणून हा दुसरा हाती लागला, तर गरबा लंगडतो. म्हणून गाणं लावून आधी टाळी धरावी, जोर किती मात्रांनी परत येतो ते मोजावं, मगच गिटार उचलावी.

हींचला हात खाली-वर चालूच ठेवला, तर चौथी मात्रा अपवर येते आणि तोच वार ठसठशीत हवा असतो. काही जण डाऊन-अप-डाऊन, डाऊन-अप-डाऊन अशी पळवाट काढतात. संथ लयीत ते खपतं; वेग वाढला की लागोपाठच्या दोन डाऊनमध्ये मनगट अडकतं. मी अपवर जोर द्यायलाच सांगेन. मेट्रोनोम 60 वर ठेवा, एका ठोक्यात तीन वार बसवा. दुसरा ठोका अपवर पडेल. पहिल्या ठोक्याइतकाच तो वाजू लागला, की कॉर्ड धरा.