उन्हाळी सुट्टीत माहिष्मतीची सैर

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांचा पहिला प्रश्न असतो, "यंदा कुठे जायचं?" आमच्या सुलतानपूरकडे या प्रश्नाची उत्तरे ठरलेली असतात. मामाचे गाव, एखादे लग्न, फार तर सैलानी बाबांचा दर्गा किंवा जवळचे लोणार सरोवर. यंदा मात्र मुलांनी वर्षभर गल्ल्यात पैसे टाकून आधीच ठरवून ठेवले होते. हैदराबादजवळच्या रामोजी फिल्म सिटीत उन्हाळी कार्निव्हल पाहायचा आणि 'बाहुबली'ची माहिष्मती स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची. मे महिन्यात आम्ही आठ जण निघालो: अम्मी, भाईजान-भाभी, आम्ही दोघे आणि तीन मुले.

सगळ्यांत मोठी पुतणी अकरावी झालेली. तिची चित्रकला चांगली आहे आणि बारावीनंतर तिला कलेचीच पदवी घ्यायची आहे. भाईजानांच्या मनात डी. फार्मसी. "चित्रं काढून पोट भरतं का?" हा त्यांचा सवाल. अम्मींचा आक्षेप त्याहून पक्का: "सिनेमाच्या लाइनीत आपल्या घरची पोरगी नको." हा वाद घरात दोन महिने चालू होता आणि तो आमच्यासोबत गाडीतही बसला.

फिल्म सिटी म्हणजे काय?

सुलतानपूरहून बीबी, सिंदखेडराजा करत जालना गाठले, रात्रीची अजिंठा एक्सप्रेस पकडली आणि सकाळी हैदराबादला उतरलो. फिल्म सिटी शहरापासून साधारण 30 किलोमीटरवर, विजयवाडा रस्त्यावर अब्दुल्लापूरमेटजवळ आहे. उद्योजक आणि वृत्तपत्र मालक रामोजी राव यांनी ती 1996 मध्ये उभारली. 2024 च्या जूनमध्ये त्यांचे निधन झाले. 1,666 एकरांवर पसरलेला हा जगातला सर्वांत मोठा चित्रपट स्टुडिओ म्हणून गिनीज बुकात नोंदला गेला आहे. शेतकऱ्याच्या घरात एकर लगेच समजतो. अम्मी म्हणाल्या, "म्हणजे आपल्या गावाची शिवारं इथं मावतील!"

दारातून आत गेल्यावर लाल रंगाच्या उघड्या बसमधून सेट दाखवतात. परदेशी वाटणाऱ्या गल्ल्या, तुरुंग, रेल्वे स्टेशन, बागा. एकाच इमारतीची एक बाजू विमानतळ, तर दुसरी बाजू दवाखाना. स्टेशनवरची पाटी बदलली की गाव बदलते. पडद्यावर आपण ज्या शहरांसाठी हळहळतो, त्यातली कितीतरी अशी एका बाजूचीच असतात, हे मुलांना पहिल्यांदा कळले. धाकट्याने दाराचे हँडल ओढून पाहिले. मागे खोलीच नव्हती!

माहिष्मतीत

मुलांचा जीव अडकला होता तो 'बाहुबली'च्या सेटवर. एस. एस. राजामौली यांच्या या चित्रपटाचा पहिला भाग 10 जुलै 2015 रोजी आणि दुसरा 28 एप्रिल 2017 रोजी आला. पहिल्या भागाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माहिष्मतीचे राज्य कागदावर आणि नंतर जमिनीवर उभे केले ते कला दिग्दर्शक साबू सिरिल यांनी. शूटिंग संपल्यावर सेट मोडून टाकतात, पण हा राखून ठेवला आणि पाहुण्यांसाठी उघडला.

प्रत्यक्षात तो पडद्यावर दिसतो तेवढा अफाट नाही. डोंगरांएवढे महाल, धबधबे, हजारोंचे सैन्य यातले बरेचसे संगणकावर तयार झाले. सेटवर तेवढाच भाग बांधतात, जिथे कलाकार उभा राहणार, चालणार, हात लावणार. उरलेले नंतर चित्रात जोडतात. मुले थोडी हिरमुसली, पण सिंहासनाजवळ फोटो काढायला रांग लागली तेव्हा सर्वांत पुढे तीच होती. कालकेय टोळीची 'किलिकी' भाषा या चित्रपटासाठी मदन कार्की यांनी मुद्दाम रचली होती. तिचे दोन-चार शब्द मुलांना पाठ होते आणि दिवसभर आम्ही त्यांचे शत्रुसैन्य होतो.

एक गोष्ट मुलांना तिथेच सांगितली. माहिष्मती हे नाव खरे आहे. नर्मदेच्या काठी या नावाची प्राचीन नगरी होती आणि अनेक अभ्यासक मध्य प्रदेशातले महेश्वर, म्हणजे अहिल्याबाई होळकरांची राजधानी, हीच ती नगरी मानतात. चित्रपटाने नाव घेतले, बाकी राजा, राणी, युद्ध सगळे कल्पनेचे. गोष्ट म्हणून आनंद घ्यावा, इतिहास म्हणून परीक्षेत लिहू नये. आजकाल मुले इतिहास आधी पडद्यावर पाहतात आणि नंतर पुस्तकात वाचतात. म्हणून हे वेळीच सांगणे मोठ्यांचे काम आहे.

भाईजानांनी भिंत वाजवली

भाईजान पीओपीचे ठेकेदार. घरांची छते, कॉर्निश, फुले-वेली ही त्यांची रोजीरोटी. इतका वेळ ते सावली शोधत मागे मागे येत होते. माहिष्मतीच्या एका खांबाजवळ मात्र थांबले. बोटाने टकटक केली, जोड कुठे आहे ते पाहिले, दगडाचा रंग चढवला होता त्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "ये तो अपनाच काम है!"

पुतणीने त्यांना तिथेच समजावून सांगितले. आधी रेखाटन होते, मग लहान नमुना, मग मोजमापे. लोखंडाचा किंवा लाकडाचा सांगाडा, त्यावर प्लाय, साच्यातून काढलेले पीओपी किंवा फायबर आणि शेवटी रंगारी त्याला शंभर वर्षांचा दगड करतो. सुतार, वेल्डर, मोल्डर, रंगारी, शिंपी, माळी असे कितीतरी हात एका दृश्यामागे असतात. भाईजान मध्येच प्रश्न विचारत होते: "एवढं मोठं डोकं एका साच्यात कसं निघतं? जोड कुठं लपवतात?" बापलेकी आपापल्या कामाबद्दल इतका वेळ बोलल्याचे आम्ही याआधी पाहिले नव्हते.

या कामाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. के. आसिफ यांच्या 1960 च्या 'मुघल-ए-आझम'मधला शीशमहल उभारायला दोन वर्षे लागली होती. कला दिग्दर्शक होते एम. के. सय्यद आणि काचेच्या कामासाठी फिरोजाबादचे कारागीर आणले होते. आपल्या महाराष्ट्रात नितीन चंद्रकांत देसाई यांनी 2005 मध्ये कर्जतला स्टुडिओ उभारला आणि तिथे 'जोधा अकबर'साठी आग्ऱ्याचा किल्ला बांधला. पडद्यावर ज्यांचे चेहरे दिसत नाहीत असे हे कसब आहे. अम्मींनी हे सगळे ऐकले. बोलल्या काहीच नाहीत, पण "सिनेमाची लाइन" हा शब्द त्या दिवशी पुन्हा आला नाही.

संध्याकाळचा कार्निव्हल

दुपारी ऊन असे होते की मुलांनाही बागेतल्या सावलीत बसावे लागले. आम्ही तिथेच एका कडेला जोहर आणि असर अदा केली, प्रवासात असल्याने कसर. ऊन कलल्यावर उत्सवाला रंग आला. रोषणाई लागली, वेशभूषा केलेल्या कलाकारांची परेड निघाली, मुलांसाठी खेळ सुरू झाले. नाच-गाण्याच्या कार्यक्रमात किती वेळ बसायचे हे प्रत्येक घराचे आपापले ठरलेले असते. आम्ही परेड पाहिली, मुलांना पाळण्यात बसवले आणि मगरिबनंतर परत निघालो. परेडमधला मुखवट्याखालचा घामाघूम मुलगा अम्मींच्या नजरेतून सुटला नाही. त्यांनी आपली पाण्याची बाटली त्याला दिली.

दुसऱ्या दिवशी दगडाचे शहर

एवढ्या दूर जाऊन फक्त सेट पाहून परतू नये, असे आम्हाला वाटते. दुसऱ्या दिवशी चारमिनार पाहिला. मुहम्मद कुली कुतुबशाहने 1591 मध्ये बांधलेला. मग गोवळकोंडा, जिथे खालच्या दरवाजात टाळी वाजवली की वर बालाहिसारला ऐकू येते. भाईजानांनी इथेही भिंतीवर बोटाने टकटक केली. आवाज आला नाही. मुलांना आदल्या दिवशीची भिंत आणि ही भिंत यातला फरक सांगावा लागला नाही.

परतताना सिंदखेडराजावरून आलो. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचे जन्मस्थान, आपल्या येण्या-जाण्याच्या रस्त्यावर. पुढे उल्केच्या आघाताने बसाल्ट खडकात तयार झालेले लोणार, जे 2020 पासून रामसर यादीत आहे. परदेशातून लोक ते पाहायला येतात. या सुट्टीत पुतणीने दैत्यसुदन मंदिराच्या खांबांची रेखाटने करायला घेतली आहेत.

जाणाऱ्यांसाठी थोडेसे

तिकिटांचे दर हंगामाप्रमाणे बदलतात. कार्निव्हलचे तिकीट आणि साधे तिकीट यात काय काय येते ते आधी विचारून घ्यावे. सकाळी लवकर आत जावे, कारण पाहायला दिवस पुरत नाही. टोपी, ओआरएस आणि पायात सवयीची चप्पल हवीच. वयस्कर माणसांना बसची फेरी झेपते, चालणे झेपत नाही. त्यांच्याबरोबर एक जण आळीपाळीने थांबावा. खाण्याबाबत आम्ही शाकाहारी जेवण घेतले, प्रश्नच मिटला. खर्च मोठा आहे. म्हणून मुलांना वर्षभर आधी सांगून त्यांनाही बचतीत सामील करावे. आमच्या मुलांनी गल्ला फोडून दिलेले पैसे तिकिटांना पुरले नाहीत, पण तिथे हट्ट मात्र कुणी केला नाही.

ज्यांच्या घरी चित्र काढणारे मूल आहे त्यांच्यासाठी आणखी एक. शाळेतल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट चित्रकला परीक्षा देऊन ठेवाव्यात, दहावीला त्यांचे वाढीव गुण मिळतात. बारावीनंतर कलेच्या पदवीसाठी राज्याची सीईटी असते. पुण्याच्या एफटीआयआयमध्ये पदवीनंतर कला दिग्दर्शन शिकता येते.

आमच्या घरचा वाद अजून पुरता मिटलेला नाही. भाईजान म्हणतात, दोन्ही फॉर्म भरू, फार्मसीचाही आणि कलेचाही. अम्मींची अट आहे की कॉलेज छत्रपती संभाजीनगरचे हवे आणि राहणे खालाच्या घरी. पुतणीला दोन्ही मान्य आहे. सध्या ती रविवारी भाईजानांबरोबर कामावर जाते आणि छताच्या फुलांचे डिझाइन काढून देते. मागच्या आठवड्यात मेहकरच्या एका गिऱ्हाइकाने विचारले, "हे कुणी काढलं?" भाईजान म्हणाले, "मुलीनं."