खुंटालाही नाव असते

नरखेड तालुक्यातील संत्र्याचे झाड मुळापासून शेंड्यापर्यंत एकाच जातीचे नसते. खाली जंबेरीचा खुंट असतो आणि त्यावर संत्र्याचा डोळा बांधलेला असतो. मुळे एकाची, फळ दुसऱ्याचे. बाजारात मात्र ‘नागपुरी संत्रे’ एवढेच नाव चालते. खुंट, डोळा बांधणारे हात आणि पुष्कळदा नरखेड-काटोलची मातीही त्या नावामागे झाकली जाते. फळांच्या व्यवहारात हे चालून जाते. विद्येच्या व्यवहारात ते चालू देणे योग्य नव्हे.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या मुलांसाठी संगणकाला आज्ञा लिहिण्याचे शिक्षण सुचविले आहे. या शिक्षणाचे मूळ ‘लोगो’ या भाषेत सापडते. खास मुलांसाठी रचलेली ही आद्य संगणकभाषा १९६७ साली अमेरिकेतील केंब्रिज येथे, बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन या संस्थेत जन्मली. तिचा जनक म्हणून बहुधा सिमोर पेपर्ट यांचेच नाव घेतले जाते. १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या ग्रंथाने त्यांची कीर्ती जगभर नेली आणि ती सार्थही होती. परंतु भाषेचे नाव सुचविले ते वॉलेस फ्युर्झीग यांनी, शब्द या अर्थाच्या ग्रीक पदावरून. प्रारंभीच्या रचनेत डॅनियल बोब्रो यांचा वाटा होता. सिंथिया सॉलोमन या तर सहनिर्मात्या. लेक्सिंग्टनच्या शाळेत १९६८-६९ साली सातवीच्या मुलांना लोगो शिकविण्यात त्या पेपर्ट यांच्या बरोबरीने होत्या. लोगोची ओळख बनलेले कासवही नंतर आले. त्याचे पूर्वज म्हणजे ग्रे वॉल्टर यांनी इंग्लंडमध्ये बनविलेली यंत्रकासवे.

एवढी नावे मुलांना कशाला, असा प्रश्न कोणी करील. सनावळीसारखी पाठ करण्यासाठी ती नकोतच. परंतु एकाच पुरुषाचे नाव ऐकून वाढणारी मुलगी हे क्षेत्र आपले नव्हे, असे नकळत समजून बसते. ज्ञान एकट्याच्या प्रतिभेतून उतरते, हा भ्रमही तेथेच रुजतो.

लोगोच्या परंपरेतील ‘स्क्रॅच’ ही भाषा २००७ साली मिचेल रेझ्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मॅसॅच्युसेट्समधून सर्वांसाठी खुली केली. तीत एका मुलाची कृती दुसऱ्याने घेऊन बदलली की मूळ कर्त्याचे नाव यंत्र आपोआप दाखविते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मात्र असे आढळले की, यंत्राने दाखविलेल्या नावापेक्षा घेणाऱ्याने स्वतः मानलेले आभार मुलांना अधिक मोलाचे वाटतात. मुलांना जे कळते, ते थोरांना कळू नये काय?

यासाठी निधी लागत नाही, की शासकीय आदेशही. नरखेडच्या एखाद्या शाळेत मुलीने पडद्यावर पहिला चौकोन काढला, तर शिक्षकांनी सॉलोमन यांचे नाव सांगावे. आणि तिने शेजारच्या मुलाची युक्ती घेतली असेल, तर त्याचे नाव तिच्याकडून वहीत लिहवून घ्यावे. ज्याच्या घरी कलमे बांधली जातात, त्या विद्यार्थ्याला यातील न्याय समजावून सांगावा लागणार नाही.